आकूच्या पश्चात

"कमरेत आवळतंय. मागच्या मयताचं तर याच मापाचं होतं," आकू पुटपुटली. बोलली ती आपल्याशीच, पण जिफाचं डोकं तिच्या कमरेलाच टेकलेलं होतं, तेव्हा ते ऐकू न येऊन जाणार कुठे?

जिफाच्या ओठांत चार टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या, बाहीला खोवल्या आणि मग तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली, "मागच्या मयताला तीन ताटं भात खाल्लास तू. कापडाने तरी किती पुरायचं?"

"दोन."

"तिसरं माझ्या ताटातलं. ते धरलंच नाहीस. आणि म्हणे गणिताची बाई!"

आकू हसली, आणि हसल्यासरशी कमरेवरची कच्ची शिवण टर्रकन उसवली. मग जिफाही हसली. दोघींनाही बरं वाटलं, कारण सकाळपासून हसण्यासारखं काही निघत नव्हतं. कापड निळं होतं, त्यावर पांढरे पक्षी. एकाच ताग्यातून दोघींचे दोन पोशाख. काळं नाही, लाल नाही, मयताचा कुठलाच रंग नाही, हे जिफाने दुकानात उभं राहून तीनतीनदा पाहून घेतलं होतं. हे कापड शनिवारसाठी होतं. शनिवारी काय होतं, ते मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. 'शनिवारचं ते' असं म्हणत. 'शनिवारच्या त्याला किती माणसं येतील?' 'शनिवारच्या त्याला बकरी एक पुरेल का?' सोमवारी आकू विमानात बसायची होती, आणि त्यासाठी शनिवारचं ते.

आकूचं खरं नाव तोरून. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, जिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य तोंडच दाखवत नाही, तिथली ती. वर्षानुवर्षं शाळेत गणित शिकवलं, लवकर निवृत्ती घेतली, आणि मग इकडे आवेमे गावच्या शाळेतल्या मास्तरांना गणित शिकवायचं कसं, ते शिकवायला स्वयंसेवक म्हणून आली. जन्म बुधवारचा, म्हणून गावाने पहिल्याच दिवशी तिला आकू करून टाकलं आणि तोरून कुठल्याशा कागदावर राहिली. जिफाच्या घरातली पुढची खोली तिला मिळाली. वयाने ती जिफापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तरी थोरल्या बहिणीला म्हणतात ते 'दावी' ती जिफालाच म्हणायची. घर जिचं तीच थोरली, असा तिचा हिशेब.

संस्थेचे बाकीचे स्वयंसेवक म्हणजे विशी-पंचविशीची पोरं. शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की पाठीवर पिशव्या टाकून जी निघायची ती कधी धबधब्याला, कधी डोंगरावर, कधी माकडांच्या त्या जंगलात. आणि रविवारी संध्याकाळी नाकं लाल करून परत. पहिले तीन आठवडे आकूही गेली. चौथ्या आठवड्यात धबधब्याच्या वाटेवर तिच्या गुडघ्याने साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणून त्या शनिवारी ती जिफाच्या ओट्यावर, छोट्या स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसली होती. वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.

जिफा कोळशाच्या इस्त्रीने काळं कापड इस्त्री करत होती.

"कुठे निघालीस?"

"मयताला."

"अरेरे. कोण गेलं?"

"नीटसं माहीत नाही. डोमे गावचा कुणी शिंपी म्हणतात."

"ओळखीचा नव्हता?"

"नाही."

"मग जातेस कशाला?"

जिफाने इस्त्री उभी ठेवली आणि तिच्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. "शनिवार आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी जिफाने तिला आपलंच एक जुनं काळं कापड गुंडाळून नेलं. ते तिच्या पिंढऱ्यांपर्यंत जेमतेम पोचलं. मांडवात शिरताना बसलेल्या साऱ्या रांगेचे हात उजवीकडून डावीकडे हाती घेत जायचं असतं. आकूने डावीकडून सुरुवात केली आणि एकशे चाळीस माणसांची उलटी गाठ पडली. पण दुपारी बोबोबो नाचाचे ढोल सुरू झाले, बायका हातात पांढरे रुमाल घेऊन, कमरेत वाकून, गोल फिरायला लागल्या, आणि कुणीतरी आकूच्याही हातात रुमाल दिला. ती नाचली. वाईट नाचली, पण थांबली नाही. शिंप्याची विधवा स्वतः उठून आली आणि तिच्या घामेजल्या कपाळाला तिने आपला रुमाल लावला. यापेक्षा मोठा मान आवेमेच्या पंचक्रोशीत नव्हता.

येताना दोघी सागाच्या बनातून लांबच्या वाटेने आल्या. चपला हातात, भाजलेली केळी आणि शेंगदाणे पदरात.

"दहापैकी किती?" आकूने विचारलं.

"कशाला?"

"मयताला. मी मार्क देते. भात नऊ, ढोल आठ, रडणं पाच."

"पाच जास्त झाले," जिफा म्हणाली. "ती डोक्याला लाल फडकं बांधलेली, रडता रडता खुर्च्या मोजत होती. चार दे."

तेव्हापासून शनिवार दोघींचा झाला. दोन वर्षं. पाऊस असला तरी, वारा असला तरी. जिफाचा नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. त्या अकरा वर्षांत ती मयतांना एकटीच जायची आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची, म्हणजे खुर्ची रिकामी दिसत नाही. आकू आली आणि पिशवी जमिनीवर गेली. रविवारी चर्चमधून आलं की ओट्यावर लुडो. आकू सोंगट्या मोजून चालायची, जिफा न मोजता, आणि दर रविवारी जिफाच जिंकायची. 'हे गणितात बसत नाही,' असं आकू दर रविवारी म्हणायची.

आता हे सगळं सोमवारी संपायचं होतं का नव्हतं, तेवढंच जिफाला कळत नव्हतं. न कळायचं कारण मजेशीर होतं: आकूला भाषा फार चांगली यायला लागली होती.

पहिल्या आठवड्यात शाळेला निघताना ती म्हणाली होती, "मी जाते." जिफा शिवणाचं मशीन थांबवून ओरडली होती, "असं म्हणत नाहीत! जाऊन येते म्हणायचं. मरायला टेकलेलं माणूससुद्धा 'जाते' म्हणत नाही आमच्यात." आकूने कान धरले आणि मग असा काही धडा गिरवला की परसात न्हायला निघाली तरी, "दावी, जाऊन येते." आख्खं गाव हसायचं. आणि आता ती 'सोमवारी जाऊन येते' म्हणत होती. हे खरं, की नुसती रीत? जिफाने शिकवलेलीच गोष्ट जिफाच्या गळ्यात अडकली होती. जाणाऱ्याने 'परत येणार नाही' कसं म्हणायचं, त्याची सोयच या भाषेत कुणी करून ठेवलेली नव्हती.

आकूच्या आधी त्या खोलीत सहा जणं राहून गेली होती. सहाही जणं जाऊन येते, जाऊन येतो म्हणून गेली. जिफाच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, त्यात त्यांचं सामान होतं: अर्धी शाम्पूची बाटली, तार तुटलेली गिटार, एक लाल रेनकोट, कुणाचं तरी जाड पुस्तक. 'राहू दे इथे, परत येईन तेव्हा लागेल,' असं सांगून ठेवलेलं. इतक्या वर्षांत जिफाला एक गोष्ट कळून चुकली होती. जो येणार असतो तो आपलं सामान नेतो. जो सामान ठेवून जातो, त्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आणि मंगळवारी आकूने आपली छत्री दाराच्या खिळ्याला अडकवली होती. "राहू दे," ती म्हणाली होती. "तिकडे काय करायची?"

त्याच दुपारी संस्थेच्या जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. "दावी जिफा, नवी मुलगी येतेय, कोरियाची. पुढच्या मंगळवारी पोचेल. खोली रिकामी आहे ना?"

"शनिवारनंतर सांगते," जिफा म्हणाली.

"शनिवारनंतर? मॅडम आकू तर सोमवारी..."

"शनिवारनंतर सांगते म्हटलं ना. कान धुऊन ये."

खोली द्यायची, तर आकू येणार नाही हे आपणच ठरवून टाकल्यासारखं. आणि ठेवायची, तर किती दिवस? सहाव्या माणसासाठी तिने खोली आठ महिने रिकामी ठेवली होती. रोज झाडायची. अंथरुणाची चादर पंधरा दिवसांनी बदलायची, कुणी न निजलेली. गाव हसत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. हे पुन्हा करायचं त्राण जिफात नव्हतं. पण पुन्हा करायचं नाही म्हणायचं, तर आधी आकूकडून खरं काय ते कळायला हवं होतं. आणि गावात ज्याला विचारावं तो एकच सांगे: "ख्रिसमस झाला की येतेच ती." आकूही तेच म्हणायची. "बघू. ख्रिसमसनंतर." म्हणताना ती हातातल्या वस्तूकडे बघायची, कप असला तर कपाकडे.

गुरुवारी एफो सेलासीचं पोस्टर लागलं.

एफो म्हणजे दादा, आणि सेलासी म्हणजे आवेमेतल्या तमाम मयतांचा कायमचा चिटणीस. दोनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तीन मांडव, दोन कर्णे, एक जनरेटर आणि स्वतःचा आवाज, एवढं भांडवल. शनिवारचं ते करायचं म्हटल्यावर गावाने त्यालाच सांगितलं, कारण दुसरं काही भरवायचं कुणाला माहीतच नव्हतं. त्याने आकूचा फोटो बाजारच्या गावी छापखान्यात पाठवला आणि फोनवर सांगितलं, नेहमीसारखं कर.

पाण्याच्या पंपापाशी बायका घोळक्याने उभ्या होत्या. जिफा हंडा घेऊन पोचली तशा त्या बाजूला सरल्या. भिंतीवर काळ्या चौकटीत आकू हसत होती. डोक्यावर ढग, ढगांत दोन कबुतरं, खाली पेटलेली मेणबत्ती. 'अंतिम निरोप,' लिहिलं होतं. 'कै. आकू तोरून, वय ५७. शनिवार, सकाळी नऊ.'

जिफा हंडा तिथेच टाकून सेलासीच्या दारात गेली.

"एफो सेलासी! बाहेर ये. जिवंत बाईला मारलंस तू."

सेलासी बाहेर आला. त्याच्या बोटांना खळ लागलेली होती. "पाहिलंस का," तो पडेल आवाजात म्हणाला. "मीही पाहिलं. पण चिकटवून झाल्यावर पाहिलं. दावी, खळ मी स्वतः शिजवलेली आहे, कसाव्याची. कातडं निघेल, पोस्टर नाही निघायचं."

"छापखानेवाल्याला डोळे नाहीत?"

"मी नेहमीसारखं म्हटलं. तो सतरा वर्षं नेहमीसारखंच करतोय, बिचाऱ्याचं काय चुकलं?" मग जरा उमेदीने, "कै. मी कोळशाने खोडून टाकतो. तेवढं खोडलं की बाकी सगळं चालतंय बघ. निरोपच तर आहे."

"किती लावलीस?"

"इथली सहा. मोटारस्टँडवर दोन. डोमेला चार पाठवली." त्याने जिफाचं तोंड पाहिलं. "डोमेला नको होती का पाठवायला?"

आकूला हे सांगायला जिफा घाबरत घाबरत घरी आली, तर आकूला कुणीतरी शाळेतच सांगितलं होतं आणि ती पोस्टर पाहूनही आली होती. ओट्यावर बसून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मार्क दे," ती म्हणाली. "फोटोला आठ. कबुतरांना दहा! मला एक हवंय, घरी नेते. आईला दाखवते." आणि मग हसू तोंडावर तसंच राहून आतून विझलं. "नको. तिला खरंच वाटेल."

आकूची आई सत्त्याऐंशी वर्षांची. दर रविवारी लुडो संपला की आकू तिला फोन करायची. जिफाला तिकडची भाषा कळत नव्हती, पण आकूने एकदा सांगितलं होतं. आई विचारते, 'तोरून, शाळेतून अजून कशी आली नाहीस? बस चुकली का?' आणि आकू सांगते, 'हो आई. पुढच्या बसने येते.' आधी हे महिन्यातून एखादे वेळी व्हायचं. पावसाळ्यापासून दर रविवारी होत होतं. गेल्या महिन्यात आकूच्या बहिणीचं लांबलचक पत्र आलं, ते आकूने तीनदा वाचलं. त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

"पोस्टरवर खाली काय लिहिलंय वाचलंस का?" आकूने विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. छपाई चांगली आहे."

ऊन कलल्यावर पंपावर कुणी नसतं. हंडा आणायचा राहिला होता, त्या निमित्ताने जिफा परत गेली. सेलासीने कै. खोडलं होतं, त्यामुळे ते जास्तच ठसठशीत दिसत होतं. अगदी खाली, मेणबत्तीच्या पायाशी, बारीक अक्षरांत एक ओळ होती. जिफाने चष्मा लावला. 'त्यांच्या पश्चात बहीण जिफा असा परिवार आहे.'

एवढंच. इतर पोस्टरांवर या ओळीत माणसं मावत नाहीत. भाचे, पुतणे, सासरचे, परदेशातले, सगळे दाटीवाटीने बसवतात, एखादं नाव राहिलं तर वर्षभर भांडणं. इथे एक नाव. जिफाने पुन्हा वाचलं. मग बोट लावून वाचलं. छापलेल्या कागदावर आपल्याला कुणाची बहीण म्हटलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिला भाऊ-बहीण नव्हतंच कुणी. तिला छातीत काहीतरी गोड वाटलं आणि त्याच जागी लगेच दुखलंही, कारण ती ओळ जितकी तिला आकूच्या जवळ नेत होती तितकीच मागे ठेवत होती. पश्चात. उरलेली. तिने इकडेतिकडे पाहून पोस्टरचा कोपरा नखाने उचकटून पाहिला. खळ खरोखरच चांगली शिजली होती.

शनिवारी नऊला मांडव भरायला लागला तो लाल-काळ्या कपड्यांनी.

"कपड्यांचं मी काही लिहिलं नव्हतं," सेलासी घाम पुसत म्हणाला. "लोकांनी आपलं आपण ठरवलं."

डोमेहून तर ट्रक भरून माणसं आली. शिंप्याची विधवा आली, डोकं लाल फडक्याने बांधून. आवेमेची माणसं त्यांना मांडवाच्या तोंडाशी गाठून कुजबुजत सांगत होती की मेलेलं कुणी नाही, निरोप आहे, छापण्यात चूक झाली. आणि डोमेची माणसं 'असं का' म्हणून पुढे जाऊन आकूचा हात हातात घेत होती आणि तरीही डोळे पुसत होती. निळ्या कापडात, पांढऱ्या पक्ष्यांत, त्या दोघीच. आकूला मधली मोठी खुर्ची दिली होती, बाजूची जिफाला. आकू सगळ्यांना 'आलात, बरं वाटलं' म्हणत होती. कमरेत कापड आता बरोबर बसलं होतं. जिफा एकेका माणसाला न्याहाळत होती आणि मनात म्हणत होती, हिला आता विचारते. हे हात संपले की विचारते. ढोल थांबले की विचारते. ढोल थांबले आणि बकरीचं कालवण आलं. मग जेवता जेवता कसं विचारायचं?

जेवणं आटोपत आली तेव्हा मांडवाच्या तोंडाशी मोठ्याने आक्रोश सुरू झाला. यावा आजी होती. डोमेच्या ट्रकात जागा मिळाली नाही म्हणून नव्वदीतली ही बाई काठी टेकत, रस्ताभर दम खात चालत आली होती. तिचं रडणं नावाजलेलं. ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन, "आकू गं, आमच्या मुलांना आता कोण शिकवील गं," असं म्हणत मधोमध आली आणि मोठ्या खुर्चीसमोर थांबली. रडणं अर्ध्यावर तुटलं.

"ही कोण?" तिने काठीने दाखवलं.

"आकू, आजी," सेलासी म्हणाला.

"मग मेलंय कोण?"

"कुणी नाही. छापखान्याने घोळ केला."

आजीने आकूला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पुढे होऊन तिच्या गालाला चिमटा काढला. गाल ऊन निघाला तेव्हा तिची खात्री पटली आणि ती रागावली. "एवढी चालत आले मी! चांगलं रडणं वाया घालवलं." खुर्ची आणून दिली तशी बसली, पाणी प्याली. "जिवंत आहे तर हा मांडव कशाला?"

"ती तिच्या देशी चाललीय. सोमवारी."

"परत कधी येणार?"

"ख्रिसमस झाला की येतेच," सेलासी म्हणाला. शेजारचे दोघे-तिघे म्हणाले, "हो, हो, ख्रिसमस आता आलाच." हेडमास्तर म्हणाले, "फार तर फेब्रुवारी."

आजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "दोन महिन्यांनी येणाऱ्या माणसाला मांडव घालतात का रे?" तिने विचारलं. "माझा नातू चार वर्षांनी आला, त्याला तर कुणी एक खुर्ची नाही घातली."

ढोलवाल्याने ढोलावर ठेवलेला हात उचलला. सेलासीला शांतता सहन होत नसे, तो त्याच्या धंद्याचाच भाग होता. त्याने झटकन माईक उचलला, फुंकला आणि तोंडात बसलेलंच बोलून गेला. "आता परिवारातर्फे दोन शब्द. परिवारातर्फे दावी जिफा."

माईक जिफाच्या हातात आला तेव्हा तिला कळलं की आपण काहीच ठरवलेलं नाही. ती उठली. समोर लाल-काळा मांडव, मांडवापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे सागाचं बन. तिने सुरुवात केली, कारण कुठून तरी करायची.

"आकू आली तेव्हा तिला हात मिळवता येत नव्हते," ती म्हणाली. कर्ण्यातून आपला आवाज ऐकून ती दचकली. "उलटे मिळवायची. तुमच्यापैकी पुष्कळांना तिने उलटे हात दिलेत." माणसं हसली. "नाचायला येत नव्हतं. अजूनही येत नाही." आणखी हसली. "पण बाकीचे शनिवारी धबधबे बघायला जायचे आणि ही माझ्याबरोबर यायची. तुमच्या माणसांना पोचवायला. डोमेला पाच वेळा आलो आम्ही. तुमच्या भाताला तिने नऊ मार्क दिलेत."

"दहा!" मागून कुणी तरी ओरडलं.

"नऊ. मीठ कमी असतं." हशा पिकला. जिफाने हसू ओसरू दिलं. आकू खाली, मांडीवरच्या पांढऱ्या पक्ष्यांकडे बघत होती. हातात कप नव्हता, म्हणून पक्ष्यांकडे.

"मंगळवारी ऑफिसातून फोन आला," जिफा म्हणाली. "खोली रिकामी आहे का, विचारत होते. मी सांगितलं, शनिवारनंतर सांगते. मला वाटलं होतं आकूला विचारीन. मग म्हटलं, विचारून काय होणार? ती चांगल्या घरची आहे, ती येते म्हणूनच सांगणार. मीच शिकवलंय तिला."

"दावी," आकू हळूच म्हणाली.

"थांब. तुझी पाळी नाही." जिफाने माईक तोंडाजवळून हलवला नाही. "हिची आई म्हातारी आहे. रोज दाराशी बसून विचारते, तोरून शाळेतून आली का. कालची तोरून, चाळीस वर्षांपूर्वीची तोरून, तिला सगळी एकच. अशा आईच्या दारात एकदा मुलगी पोचली की ती पुन्हा निघत नाही. मी निघाले नसते. इथे बसलेल्या कुणाचा पाय निघाला नसता. आणि ती आई जाईल तेव्हा आकू साठीच्या पुढे असेल, आणि तिच्या गुडघ्याला आपल्या ओट्याची पायरीसुद्धा आत्ताच झेपत नाही. हे मला ठाऊक आहे. एफो सेलासीला ठाऊक आहे, त्याने उगाच नाही मांडव घातला. हेडमास्तरांना ठाऊक आहे. तुम्ही सगळे सकाळपासून ख्रिसमस, ख्रिसमस करताय आणि डोळे पुसताय."

आकूने मान वर केली. तिचा चेहरा ओला होता आणि तिने तो पुसला नाही. तिने नुसता जिफाच्या निळ्या कापडाचा कडेचा भाग मुठीत धरला.

जिफा माईक विसरून तिच्याकडे वळली, तरी कर्ण्यांनी तिचं बोलणं पंपापर्यंत पोचवलं.

"खोली मी मंगळवारी त्या मुलीला देणार आहे," ती म्हणाली. "तू परत यायची नाहीस, आकू. आणि मला तू इथे हवी आहेस."